पायी चालणारी मुंबई : पदपथ, गिरणगाव आणि पादचाऱ्याचा हक्क

प्रस्तावना

मुंबईच्या जुन्या वस्तीत पायधुणी नावाचा भाग आहे. बेटांमधील खाड्या बुजविल्या जाण्यापूर्वी येथून भरतीच्या पाण्याचा ओहोळ वाहत असे. तो ओलांडून येणारे लोक येथे चिखलाचे पाय धूत, म्हणून या जागेस हे नाव पडले, असे परंपरेने सांगितले जाते. याच पायधुणीपर्यंत ९ मे १८७४ रोजी कुलाब्याहून घोड्यांची ट्राम धावू लागली. पायी चालणाऱ्यांच्या नावाने ओळखली जाणारी जागा अशा रीतीने शहरातील पहिल्या ट्राममार्गाचे अंतिम स्थानक बनली.

मुंबईच्या वाहतुकीचा इतिहास बहुधा वाहनांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १८५३ ची रेल्वे, १८७४ ची घोड्यांची ट्राम, १९०७ ची विजेची ट्राम, १९२६ ची बस, १९६५ चा उड्डाणपूल आणि २०१४ ची मेट्रो हे त्यातील ठळक टप्पे होत. या मालिकेत पायी चालणारा माणूस आढळत नाही. वस्तुतः मुंबई महानगर प्रदेशासाठी २००८ मध्ये पूर्ण झालेल्या सर्वंकष परिवहन अभ्यासात निम्म्याहून अधिक प्रवास पायीच होत असल्याचे दिसून आले. वाहनाने होणाऱ्या प्रवासांतही सर्वांत मोठा वाटा रेल्वे व बस यांचा होता आणि रेल्वे वा बसचा प्रत्येक प्रवास पायीच सुरू होतो व पायीच संपतो. असे असूनही हा बहुसंख्य प्रवासी शहराच्या नियोजनात व इतिहासलेखनात गृहीत धरला गेला.

प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून २०२५ पर्यंतच्या काळात मुंबईतील पादचाऱ्याचे स्थान कसे बदलत गेले, याचा आढावा घेण्यात आला आहे. पदपथ हा मुंबईत पादचाऱ्याचा हक्क म्हणून निर्माण झाला नाही. व्यापार, आरोग्य व वाहतूक या अन्य हेतूंच्या ओघात तो अस्तित्वात आला. घर व कामाचे ठिकाण जोपर्यंत जवळ होते तोपर्यंत ही उणीव झाकली गेली. गिरणगावाच्या अस्तानंतर मात्र ती उघडी पडली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. तटबंदीबाहेरचे रस्ते

पायी चालणाऱ्यांच्या सोयीचा विचार मुंबईत मुळीच झाला नाही, असे म्हणता येणार नाही. माहीम व वांद्रे यांच्यामधील खाडी पूर्वी होडीने ओलांडावी लागे. तेथे सेतुमार्ग बांधण्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपयांची देणगी दिली व १८४५ मध्ये तो मार्ग खुला झाला. या मार्गावर कोणताही पथकर आकारला जाऊ नये, अशी देणगीदार कुटुंबाची अट होती. रस्त्यावरून जाणे ही सर्वांना विनामूल्य लाभणारी गोष्ट असावी, हा विचार मुंबईत इतका जुना आहे. परंतु तो दानशूरतेतून आलेला विचार होता. शासनाच्या कर्तव्यातून तो आलेला नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत (१८६२-१८६७) किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली व आजच्या फोर्ट भागाची मांडणी सुरू झाली. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये, म्हणजे या स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध झाले. कापसाच्या तेजीतून आलेल्या पैशावर रुंद रस्ते, चौक व सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. एल्फिन्स्टन सर्कल (आजचे हॉर्निमन सर्कल) येथील इमारतींना कमानींचे आच्छादित पदपथ लाभले. पुढे १८९६ च्या इमारतविषयक नियमांनी हॉर्नबी रोडवरील (आजचा दादाभाई नौरोजी मार्ग) इमारतींना तळमजल्यावर असा कमानदार पदपथ ठेवणे बंधनकारक केले. मुंबईचे ऊन व पाऊस यांचा विचार करता पादचाऱ्यासाठी यापेक्षा सोयीची रचना सुचणे कठीण आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही हजारो लोक त्या कमानींखालून चालतात.

ही रचना शहरभर पसरली नाही. ती व्यापारी व प्रशासकीय भागाच्या शोभेचा अंश राहिली. गिरगाव, भुलेश्वर, मांडवी या दाट वस्तीच्या भागांत पादचारी, हातगाड्या, बैलगाड्या व दुकाने यांनी एकाच अरुंद रस्त्याचा वापर चालू ठेवला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. दाट वस्तीत समुद्राची हवा खेळावी हा त्यामागील प्रमुख हेतू होता. या रस्त्यांना पदपथ मिळाले. परंतु रस्त्यासाठी ज्यांची घरे गेली त्यांपैकी अनेकांना परिसरातच पर्यायी घर मिळाले नाही. रस्ता रुंद झाला, पण त्यावरून चालणाऱ्याचे घर मात्र दूर गेले.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने या साऱ्याला कायद्याची चौकट दिली. या अधिनियमात पदपथ हा रस्त्याच्या व्याख्येतच समाविष्ट आहे. पदपथासंबंधीच्या महत्त्वाच्या तरतुदी, विशेषतः कलम ३१२ ते ३१४, अडथळ्याविषयी आहेत. रस्त्यावर काय उभारू नये, काय ठेवू नये आणि आयुक्तांनी ते कसे हटवावे, हे त्यांत सांगितलेले आहे. पादचाऱ्याला किती रुंदीची वाट मिळावी, ती कोठे असावी व ती न मिळाल्यास त्याने काय करावे, याविषयी ही कलमे काही सांगत नाहीत. कायद्याच्या भाषेत पादचारी हा अडथळा दूर करण्याचे कारण ठरला. स्वतंत्र हक्कदार म्हणून त्याचे नाव आले नाही.

२. गिरणगाव : पंधरा मिनिटांचे अंतर

परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी या परिसरात वाढलेले गिरणगाव हे अनेक दशके पायी चालण्यावर उभे होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुमारे ९० टक्के गिरणी कामगार कामाच्या ठिकाणापासून पंधरा मिनिटांच्या चालीच्या अंतरात राहत असत, याकडे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी लक्ष वेधले आहे. हे अंतर केवळ सोयीचे नव्हते. त्यामागे रोजगाराची अनिश्चितता होती. बदली कामगाराला दररोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावे लागे. जॉबरने निवडले तर काम, नाही तर परत फिरणे. अशा माणसाला दूर राहणे परवडणारे नव्हते. ट्रामचे सुरुवातीचे भाडे तीन आणे होते. ते लवकरच कमी करण्यात आले, तरी रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी खरे वाहन त्याचे पायच होते.

या पायी अंतरातूनच गिरणगावचे सामाजिक जीवन आकाराला आले. चाळ, खाणावळ, तालीम, भजनी मंडळ, गणेशोत्सव व कामगार संघटनेची शाखा हे सारे चालत जाण्याच्या टप्प्यात होते. खोली लहान असल्याने रस्ता हाच घराचा विस्तार असे. पाळी बदलण्याच्या वेळी भोंगा वाजला की रस्त्यावर माणसांचा लोट उसळे. संपाच्या वेळी हाच रस्ता सभास्थान बनत असे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी फ्लोरा फाउंटनकडे लोटलेल्या जनसमुदायात गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते; तेथे झालेल्या गोळीबाराची स्मृती आज हुतात्मा चौकाच्या रूपाने उभी आहे. मराठी साहित्यानेही या रस्त्याची दखल घेतली. वाटेगावहून पायी मुंबईस आलेले अण्णा भाऊ साठे आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहाचे कवी नारायण सुर्वे यांच्या लेखनामागे रस्त्यावर जगलेल्या मुंबईचा अनुभव उभा आहे.

या चित्राला आदर्श मानण्याचे कारण नाही. चाळींतील गर्दी, अस्वच्छता आणि रोगराई यांची नोंद तत्कालीन अहवालांत विपुल आहे. गिरणगावात रुंद पदपथ होते असेही नाही. मुद्दा एवढाच की, येथे घर व काम यांतील जवळीक हीच पादचाऱ्याची खरी सुविधा होती. त्या जवळिकीमुळे पदपथाची उणीव जाणवली तरी ती असह्य झाली नाही आणि नियोजनकारांनाही तिचा स्वतंत्र विचार करण्याची गरज वाटली नाही.

३. वाहनांना प्राधान्य

स्वातंत्र्योत्तर काळात रस्त्याची कल्पनाच बदलली. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील शेवटची ट्राम धावली. त्यानंतर वर्षभराने, एप्रिल १९६५ मध्ये, केम्प्स कॉर्नर येथील शहरातील पहिला उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला. या दोन घटनांतून त्या काळातील प्राधान्यक्रम स्पष्ट होतो. ट्राम संथ होती, रस्त्याच्या मधून जात होती व पादचाऱ्याला तिच्यात सहज चढता येत होते. उड्डाणपुलाचा उपयोग मात्र वाहनात बसलेल्यालाच होता.

१९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची स्थापना झाली व पुढील काही वर्षांत मुंबईत पन्नासाहून अधिक उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. २००२ मध्ये मोहम्मद अली रोडवरून जाणारा सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा जे. जे. उड्डाणपूल खुला झाला. वाहने वरून वेगाने जाऊ लागली आणि खालच्या बाजारपेठेतील पादचारी पुलाच्या सावलीत राहिला. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये पादचारी सुविधांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती व २०१२ मध्ये ती सुधारून पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर असावी असे सुचविले. परंतु मार्गदर्शक तत्त्वाला कायद्याचे बळ नसते. रस्तारुंदीकरणात सर्वप्रथम कापला जाणारा भाग पदपथ हाच राहिला.

४. पदपथ कोणाचा?

दरम्यानच्या काळात पदपथाच्या मालकीचा प्रश्न न्यायालयात गेला होता. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस व अन्य याचिकाकर्त्यांनी दाद मागितली. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निकाल दिला. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित केले. त्याच वेळी पदपथ हे पादचाऱ्यांसाठी आहेत व तेथे अतिक्रमण करण्याचा हक्क कोणालाही नाही, असेही न्यायालयाने म्हटले. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना होईपर्यंत, कोणालाही हटवू नये असा आदेश देण्यात आला.

या निकालातील एका निरीक्षणाकडे पादचाऱ्याच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष लक्ष द्यावयास हवे. माणसे पदपथावर राहतात, कारण तेथून कामाचे ठिकाण जवळ असते. दुरून येण्याजाण्याचा वेळ व खर्च त्यांना पेलत नाही, हे न्यायालयाने मान्य केले होते. म्हणजे पदपथवासी हाही प्रथमतः पादचारीच होता. गिरणी कामगाराने चाळीच्या खोलीत जे अंतर राखले, तेच या माणसाने उघड्या पदपथावर राखले. १९८५ मध्येच स्पार्क या संस्थेने पदपथवासीयांची गणना करून सुमारे ६,००० कुटुंबांची माहिती प्रसिद्ध केली. तोवर शहराच्या दृष्टीने ही कुटुंबे जणू अस्तित्वातच नव्हती.

फेरीवाल्यांच्या बाबतीतही असेच दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर रोजगार गमावलेल्यांपैकी कित्येकांनी रस्त्यावर विक्री सुरू केली. समाजशास्त्रज्ञ शरित भौमिक यांच्या अभ्यासातही फेरीवाल्यांमध्ये पूर्वी संघटित उद्योगांत काम केलेल्यांचे प्रमाण लक्षणीय असल्याचे दिसून आले. फेरीवाला व पादचारी हे परस्परांचे शत्रू आहेत, ही मांडणी म्हणूनच अपुरी ठरते. फेरीवाल्याचा ग्राहक पादचारीच असतो आणि रात्री उशिरा रस्ता जागा व सुरक्षित ठेवण्यात फेरीवाल्याचा वाटा असतो. तथापि स्थानकाच्या दाराशी पथारी मांडली गेली की चालणे अशक्य होते, हेही तितकेच खरे आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने नगर पथविक्रेता समित्यांच्या द्वारे या दोन्ही बाजूंची सांगड घालण्याचा मार्ग सांगितला. मुंबईत त्याची अंमलबजावणी रखडत गेली. परिणामी अतिक्रमण हटविण्याची कारवाई व पुन्हा अतिक्रमण हेच चक्र चालू राहिले.

५. परळ-एल्फिन्स्टन : बदललेला पादचारी, न बदललेला पूल

संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार विकासासाठी खुल्या होणाऱ्या गिरण्यांच्या जमिनीचे साधारणतः तीन वाटे अपेक्षित होते : एक महानगरपालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी व एक मालकाकडे. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली या जमिनींच्या एकत्रित नियोजनासाठी अभ्यासगट नेमण्यात आला होता. त्याचा आराखडा प्रत्यक्षात उतरला नाही. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. शहराच्या मध्यभागी रस्ते, चौक व पदपथ नव्याने आखण्याची फार मोठी संधी अशा रीतीने हातची गेली.

फिनिक्स गिरणीच्या जागी व्यापारी संकुल आले. ज्युपिटर गिरणीच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. या बदलाचा पादचाऱ्याच्या दृष्टीने अर्थ काय, हे नीट पाहिले पाहिजे. पूर्वी येथील कामगार आसपास राहत असे व गिरणीत चालत जात असे. नव्या कार्यालयांत काम करणारे कर्मचारी मात्र मोठ्या संख्येने उपनगरांतून रेल्वेने येऊ लागले. पायी अंतर संपले नव्हते. ते घर ते गिरणी याऐवजी स्थानक ते कार्यालय असे झाले होते. पूर्वी गल्लीबोळांतून विखुरली जाणारी गर्दी आता एकाच वेळी, एकाच जिन्यावरून उतरू लागली. पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड व मध्य रेल्वेचे परळ ही शेजारची स्थानके जोडणारा अरुंद पादचारी पूल मात्र तसाच राहिला.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, ऐन कार्यालयीन गर्दीच्या वेळी, जोराचा पाऊस आला. पुलावर व जिन्यावर लोक आडोशाला थांबले, खालून येणाऱ्या गाड्यांतील प्रवासी वर येत राहिले आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. कोणतेही वाहन या दुर्घटनेस कारणीभूत नव्हते. ही माणसे चालताना, किंबहुना चालता न आल्याने, मृत्युमुखी पडली. त्यानंतर लष्कराच्या साहाय्याने नवा पूल उभारण्यात आला व २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो खुला झाला. दुर्घटनेपासून पाच महिन्यांच्या आत पूल होऊ शकतो, हे यातून सिद्ध झाले. तो आधी का झाला नाही, या प्रश्नाचे उत्तर अभियांत्रिकीत सापडणार नाही. गिरण्यांच्या जमिनीवर किती चौरस फूट बांधकाम व्हावे याचा हिशेब झाला. तेथे येणारी माणसे कोठून चालतील, याचा हिशेब झाला नाही.

१४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील हिमालय पादचारी पुलाचा भाग कोसळून पुन्हा जीवितहानी झाली. दोन्ही घटनांत पादचारी आपल्यासाठी नेमून दिलेल्या जागेतूनच चालत होते, ही बाब विशेष चिंतनीय आहे.

६. वर उचललेला पादचारी

याच काळात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने स्कायवॉकचा मार्ग स्वीकारला. वांद्रे स्थानकापासून पूर्वेकडे कलानगरपर्यंतचा पहिला स्कायवॉक २००८ मध्ये खुला झाला व पुढे महानगर प्रदेशात अनेक स्थानकांबाहेर असे मार्ग बांधण्यात आले. पावसाळ्यात व रिक्षांच्या गर्दीत काही ठिकाणी त्यांचा निश्चितच उपयोग झाला. परंतु जिने चढणे वृद्ध, गर्भवती, अपंग व ओझे वाहणाऱ्यांना कठीण जाते आणि वाटेतल्या दुकानात, बसथांब्यावर वा दवाखान्यात जायचे तर पुन्हा खाली उतरावे लागते. अनेक मार्ग ओस पडले. वांद्र्याचा पहिला स्कायवॉकही धोकादायक ठरून बंद करावा लागला. रस्त्यावरील अडथळे दूर करण्यापासून सुरू झालेला प्रवास रस्त्यावरून पादचाऱ्यालाच दूर करण्यापर्यंत आला, असे या प्रयोगाचे वर्णन करता येईल.

या धोरणाची किंमत देशभर मोजली जात आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे जवळजवळ दर पाचवा मृत हा पायी चालणारा होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) मुंबईतील पदपथ व्यापारी वैभव, सार्वजनिक आरोग्य व वाहतूक या हेतूंच्या अनुषंगाने निर्माण झाला. १८९६ च्या नियमांतील कमानदार पदपथ हा त्याचा उत्कृष्ट नमुना असला तरी तो शहराच्या एका भागापुरता राहिला.

(२) १८८८ च्या अधिनियमापासून कायद्याने पदपथाचा विचार प्रामुख्याने अडथळ्याच्या दृष्टीने केला. पादचाऱ्याचे नाव घेऊन पदपथवासी व फेरीवाले हटविले गेले. परंतु मोकळी झालेली जागा पादचाऱ्याच्या हाती टिकलीच असे नाही.

(३) गिरणगावात घर व काम यांतील जवळीक हीच पादचाऱ्याची खरी सुविधा होती. जमिनीचा वापर बदलताना ती नष्ट झाली व तिची जागा घेणारी पायाभूत व्यवस्था उभारली गेली नाही. २०१७ ची दुर्घटना हा त्या धोरणाचा परिणाम होता; तिला केवळ अपघात म्हणता येत नाही.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती उज्जल भुयाँ यांच्या खंडपीठाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा अनुच्छेद २१ चाच भाग असल्याचे स्पष्ट केले आणि अपंग व्यक्तींनाही वापरता येतील असे पदपथ असण्यावर भर दिला. १९८५ मध्ये ज्या अनुच्छेदाने पदपथवासीयाच्या उपजीविकेला मान्यता दिली, त्याच अनुच्छेदाने चाळीस वर्षांनी पादचाऱ्यालाही हक्कदार ठरविले. हे दोन्ही निकाल एकत्र वाचणे आवश्यक आहे. चालणाऱ्याचा हक्क मान्य करणे म्हणजे राहणाऱ्याला व विकणाऱ्याला केवळ हटविणे, असा अर्थ पुन्हा लावला गेला, तर १८८८ पासूनचीच परंपरा नव्या शब्दांत चालू राहील. घर, काम व बाजार यांतील अंतर किती असावे, हा प्रश्न नियोजनाच्या केंद्रस्थानी आला, तरच या हक्काला परळच्या जिन्यावर काही अर्थ उरेल.